दहा वर्षांची तयारी, दहा तासांची सहल!

सहलीच्या आदल्या रात्री झोप लागते का तुला? छे! पाण्याची बाटली घेतली का, टोपी घेतली का, डब्यात काय न्यायचं... डोक्यात नुसती धांदल!

आता ऐक हं. एका सहलीची तयारी एक रात्र नाही, एक महिना नाही, चक्क दहा वर्षं चालली होती. आणि एवढं सगळं करून प्रत्यक्ष सहल किती वेळाची झाली? दहा तासांची!

ही सहल आली एका निसर्ग अभ्यासकाच्या वाट्याला. त्याचं नाव गेओर्ग विल्हेल्म स्टेलर. जन्म १७०९ सालचा, जर्मनीतला. निसर्ग अभ्यासक म्हणजे काय करतो? झाडं, पक्षी, मासे, किडे, दगड, जे दिसेल ते अगदी जवळ जाऊन बघतो. मोजतो, हुंगतो, कधी कधी चाखूनही बघतो. आणि मग सगळं लिहून ठेवतो. किती मस्त काम!

साल होतं १७४१. आपल्याकडे पुण्यात नानासाहेब पेशवे होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. कॅमेरा नव्हता, आगगाडी नव्हती. आणि जगाच्या नकाशात काही ठिकाणी चक्क कोरी जागा होती! भूगोलाच्या पुस्तकात कोरी जागा, विचार कर!

अशीच एक कोरी जागा होती रशिया आणि अमेरिका यांच्यामध्ये. रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला कामचाटका नावाचं द्वीपकल्प आहे. तिथून समुद्रात पूर्वेकडे गेलं, तर अमेरिका किती लांब? वाटेत काय लागतं? हे शोधायला रशियाच्या सरकारने एक भली मोठी मोहीम काढली. तिचा प्रमुख होता विटुस बेरिंग. मूळचा डेन्मार्कचा, पण नोकरी रशियाच्या नौदलात.

मग दहा वर्षं कशाला लागली? कारण जायला जहाजंच नव्हती! ती आधी बांधायची होती, पॅसिफिक महासागराच्या काठावर, ओखोत्स्क नावाच्या एका छोट्या ठाण्यावर. लाकूड तिकडे होतं. पण लोखंड? दोरखंड? शिडाचं कापड? ते सगळं हजारो किलोमीटर लांबून, सायबेरियाच्या बर्फातून नि चिखलातून, घोड्यांवर लादून, होड्यांत घालून, घसरगाड्यांवरून ओढत न्यावं लागलं. आधी सामान पोहोचायला वर्षं, मग जहाजं बांधायला वर्षं!

स्टेलर १७३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून निघाला, तो कामचाटकाला पोहोचला १७४० मध्ये. वाटभर त्याचं बघणं आणि लिहिणं चालूच होतं.

अखेर जून १७४१ मध्ये दोन जहाजं निघाली. ‘सेंट पीटर’ आणि ‘सेंट पॉल’. स्टेलर होता बेरिंगबरोबर ‘सेंट पीटर’वर. जहाज साधारण ८० फूट लांब आणि त्यावर माणसं पंचाहत्तरहून जास्त! आणि बरं का, त्यात एक दहा-बारा वर्षांचा मुलगाही होता! त्याचं नाव लॉरेन्झ. जहाजावरचा अधिकारी स्वेन वाक्सेल याचा तो मुलगा. त्याला लक्षात ठेव हं.

सुरुवातीलाच एक घोटाळा झाला. त्यांच्याजवळच्या नकाशात समुद्राच्या मधोमध एक प्रदेश दाखवला होता, ‘गामाचा प्रदेश’. जहाजं आधी तो शोधायला वळली. पाहतात तर काय, पाणीच पाणी! तो प्रदेश मुळात नव्हताच! ऐकीव गोष्टीवरून कोणीतरी तो नकाशात घालून ठेवला होता. मोलाचे दिवस फुकट गेले. त्यात धुकं पडलं, वारा सुटला आणि दोन्ही जहाजांची चुकामूक झाली. ती पुन्हा एकमेकांना भेटलीच नाहीत.

‘सेंट पीटर’ एकटंच पुढे निघालं. स्टेलर तासन्‌तास पाण्याकडे बघत उभा राहायचा. समुद्री शेवाळ वाहत येताना दिसलं की म्हणायचा, जमीन जवळ असणार! पण अधिकारी त्याचं ऐकायचे नाहीत. हा पुस्तकी माणूस, याला समुद्रातलं काय कळतं, असं त्यांना वाटायचं.

१६ जुलैला ढग बाजूला सरले. आणि समोर काय? बर्फाने झाकलेला एक प्रचंड डोंगर! त्याला आज माउंट सेंट इलायस म्हणतात. उंची जवळपास ५,५०० मीटर! आपलं कळसूबाई महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर ना? तशी तीन कळसूबाई एकमेकींच्या डोक्यावर ठेवली, तरी हा डोंगर वर उरतोच!

अमेरिका आली होती! आज ज्याला अलास्का म्हणतात, तो भाग.

चार दिवसांनी जहाज एका लांबट बेटाजवळ थांबलं. त्याचं आजचं नाव कायाक बेट. स्टेलरचा जीव नुसता वर-खाली होत होता. पण बेरिंगला परतायची घाई. हिवाळ्याच्या आत घर गाठायचं होतं ना! त्याने हुकूम सोडला, होडी पाठवा, पिंपांत पिण्याचं पाणी भरा आणि चला!

स्टेलर असा काही चिडला! एवढ्या लांब आलो ते काय अमेरिकेचं पाणी आशियात न्यायला? तो भांडला, हट्टाला पेटला. शेवटी पाणी भरणाऱ्या होडीतून जायची परवानगी मिळाली. सोबत एकच माणूस, फोमा लेप्योखिन नावाचा कोसॅक शिपाई.

पळा! दहाच तास!

जंगलात थोडं आत गेल्यावर एका झाडाखाली त्याला चूल पेटवल्याच्या खुणा दिसल्या. शेजारी हाडं पडलेली. आणि एक लाकडी ओंडका, मधून कोरलेला, गुरांना पाणी पाजायच्या डोणीसारखा. म्हणजे इथे कोणीतरी नुकतंच मांस शिजवून खाल्लं होतं. पण थांब! लाकडाचं भांडं विस्तवावर ठेवलं तर ते जळणार की! मग शिजवलं कसं? ओळख पाहू.

दगड तापवून! आधी दगड विस्तवात लालबुंद करायचे. डोणीत पाणी आणि मांस घालायचं. मग तापलेले दगड त्यात सोडायचे. चर्रर्र! पाणी उकळायला लागतं! भांडं विस्तवाला शिवतसुद्धा नाही आणि जेवण तयार! स्टेलरला हे लगेच कळलं, कारण कामचाटकाचे लोकही पूर्वी असंच शिजवायचे. दोन टोकांना राहणारे हे लोक एकमेकांचे नातेवाईक तर नसतील? त्याच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली.

पुढे एके ठिकाणी जमिनीवर कापलेलं गवत पसरलेलं होतं. त्याने ते बाजूला केलं. खाली दगड. दगडांच्या खाली झाडाची साल. सालीच्या खाली... चक्क एक तळघर! आत सालीपासून केलेल्या भांड्यांत धुरावून टिकवलेला सॅमन मासा. दोर. काळे रंगवलेले, गुळगुळीत घासलेले बाण. कोणाचं तरी हिवाळ्याचं कोठार होतं ते!

स्टेलरने त्यातल्या थोड्या वस्तू जहाजावर पाठवल्या. मग बेरिंगनेही बदल्यात भेटी पाठवल्या. लोखंडी किटली, तंबाखू आणि आणखी काही चिजा. खलाशांनी त्या तळघरात नेऊन ठेवल्या.

आता यातली सगळ्यात भारी गोष्ट सांगते, ऐक! जवळजवळ पन्नास वर्षांनी, १७९० मध्ये, दुसरी एक मोहीम त्याच भागात आली. तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या माणसाने सांगितलं, मी लहान असताना एक जहाज आलं होतं. आमची माणसं घाबरून लपली. जहाज गेल्यावर परत येऊन बघतात तर आमच्या कोठारात काचेचे मणी, कसली तरी पानं आणि एक लोखंडी किटली! म्हणजे स्टेलर ज्यांना शोधत जंगलभर फिरला, ते लोक तिथेच होते. त्याच्या आसपासच!

इकडे लेप्योखिनने एक पक्षी टिपून आणला. निळाभोर! डोक्यावर काळा तुरा. स्टेलरने तो हातात घेतला मात्र, आणि त्याला एकदम काहीतरी आठवलं. सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याने एक चित्रांचं पुस्तक पाहिलं होतं. मार्क केट्सबी नावाच्या इंग्रज चित्रकाराने अमेरिकेतले पक्षी रंगवले होते. त्यात अगदी असाच एक निळा पक्षी होता! रशियात असा पक्षी नाही. युरोपात नाही. म्हणजे आपण खरोखर अमेरिकेत आलो!

बघ हं, मोठमोठे दर्यावर्दी सूर्य-तारे मोजून ठिकाण ठरवत होते. आणि स्टेलरने ते ओळखलं एका पाखरावरून! आज त्या पक्ष्याला ‘स्टेलर्स जे’ म्हणतात. तो कावळ्याच्या कुळातला आहे. आपल्याकडचा लांब शेपटीचा टकाचोर पाहिला आहेस का? तोही त्याच कुळातला.

संध्याकाळ व्हायला लागली. टेकडीवरून स्टेलरला लांबवर धूर दिसला. माणसं! त्याने निरोप धाडला, अजून थोडा वेळ द्या, छोटी होडी द्या. उत्तर काय आलं? ताबडतोब जहाजावर ये, नाहीतर तुला इथेच सोडून जाऊ!

बिचारा! पानाफुलांची गाठोडी घेऊन तो परतला. आणि जहाजावर त्याला काय मिळालं असेल? चॉकलेट! तेव्हा चॉकलेटची वडी नसायची, ते गरम गरम पेय असायचं. रागावलेल्या स्टेलरला बेरिंगने कपभर चॉकलेट पाजलं. दुसऱ्याच दिवशी पहाटे जहाज निघालंसुद्धा.

सहल संपली, पण गोष्ट कुठली संपतेय!

ऑगस्टमध्ये एके दिवशी जहाजाजवळ एक प्राणी आला. डोकं कुत्र्यासारखं. कान टोकदार. लांब मिशा. डोळे मोठे मोठे. तो पाण्यातून उभा राहिल्यासारखा वर यायचा आणि जहाजावरच्या माणसांकडे टकामका बघायचा! मग शेवाळाचा एक लांब तुकडा तोंडात धरून अशा काही कोलांट्या मारायचा की सगळे हसून हसून बेजार! दोन तासांहून जास्त वेळ हा खेळ चालला होता. स्टेलरने त्याला समुद्री माकड म्हटलं. तो प्राणी नक्की कोणता, याचा वाद अजून मिटलेला नाही. सीलचं पिल्लू असावं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तुला काय वाटतं?

आता जरा वाईट दिवस आले. खलाशी आजारी पडायला लागले. हिरड्या सुजल्या, त्यातून रक्त यायला लागलं. दात हलायला लागले. अंगात उभं राहायचंही त्राण उरेना. या आजाराचं नाव स्कर्व्ही.

स्कर्व्ही कशाने होतो? लाडू वळताना पाक कमी पडला तर काय होतं? लाडू हातातच फुटतो! आपल्या शरीरातही सगळं धरून ठेवणारा एक पदार्थ असतो, कोलॅजन. तो नीट बनायला ‘क’ जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की हिरड्या, रक्तवाहिन्या, भरून आलेल्या जुन्या जखमासुद्धा सुटायला लागतात. आणि गंमत माहीत आहे? कुत्री-मांजरं ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात! माणसाला ते जमत नाही. आपल्याला ते खाण्यातूनच मिळवावं लागतं, आवळा, पेरू, लिंबू, ताज्या पालेभाज्या यांतून. जहाजावर यातलं काय होतं? महिनोन्‌महिने खारवलेलं मांस आणि वाळकी बिस्किटं!

स्टेलरला ‘क’ जीवनसत्त्वाबद्दल काहीच माहीत नव्हतं. कसं असणार? ते सापडलं थेट १९३० च्या सुमाराला! पण कामचाटकात राहताना तिथले लोक ताजा पाला खातात, हे त्याने नीट पाहून ठेवलं होतं. वाटेत पाण्यासाठी जहाज एका बेटापाशी थांबलं, तेव्हा तो धावत सुटला आणि तिखटसर चवीच्या पानांची एक वनस्पती, आंबट पाला, बोरांसारखी रानफळं गोळा करायला लागला. आजाऱ्यांसाठी पुरेसा पाला तोडायला माणसं द्या, असं तो सांगत होता. कोणी दिली नाहीत! झऱ्याचं गोडं पाणी भरा, किनाऱ्याच्या डबक्यातलं मचूळ पाणी नको, हेही त्याने सांगितलं. तेही कोणी ऐकलं नाही.

मग त्याने एकट्याने जमेल तेवढा पाला आणला. अंथरुणाला खिळलेल्या बेरिंगला तो खायला दिला. आणि काय सांगू! आठ दिवसांत बेरिंग उठून डेकवर आला! ज्या खलाशांनी पाला खाल्ला, त्यांचे हलणारे दात तीन दिवसांत घट्ट झाले!

ब्रिटिश डॉक्टर जेम्स लिंड याने लिंबू-संत्री देऊन स्कर्व्ही बरा होतो, हे प्रयोग करून दाखवलं ते १७४७ मध्ये. स्टेलरने पाला खाऊ घातला त्यानंतर सहा वर्षांनी! त्या खलाशांनी तेव्हा पिशव्या भरभरून पाला तोडला असता तर किती जण वाचले असते, असं वाटून मला अजून हळहळ वाटते.

पाला संपला. मग वादळं सुरू झाली. थांबेचनात! शीड सांभाळायला धड माणसं उरली नाहीत. एकामागून एक खलाशी दगावत होते. नोव्हेंबरमध्ये जमीन दिसली आणि सगळ्यांना रडूच फुटलं. कामचाटका आलं, आपण वाचलो!

पण ते कामचाटका नव्हतं. ते होतं एक ओसाड बेट. तिथे माणूस नाही आणि मोठं झाड तर एकही नाही! थोड्याच दिवसांत वादळाने जहाजही किनाऱ्यावर आणून आपटलं.

माणसांनी वाळूत खड्डे खणले, वर शिडाचं कापड घातलं आणि त्यातच राहायला लागली. ८ डिसेंबरला बेरिंग गेला. त्या बेटाला आज त्याचंच नाव आहे, बेरिंग बेट.

तिथे त्यांना भेटले चोर! ध्रुवीय कोल्ह्यांच्या झुंडीच्या झुंडी! या कोल्ह्यांनी माणूस कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे भीती अजिबात नाही. बूट पळवायचे, मोजे पळवायचे, टोप्या पळवायचे. झोपलेल्या माणसाच्या नाकाशी येऊन हुंगायचे! जे खाता येत नाही तेही ओढून न्यायचे. लोखंडाचे तुकडेसुद्धा! दगडाखाली दाबून ठेवलेलं मांसही त्यांना मिळायचं. कसं? खांद्यांनी ढकलून दगड बाजूला सरकवायचे, एकमेकांना मदत करून!

स्टेलर आता सगळंच झाला. वैद्य, स्वयंपाकी, शिकारी. बर्फातून जिथे हिरवं पान डोकावेल तिथून ते आणून तो आजाऱ्यांना देत होता. समुद्री पाणमांजराचं ताजं मांसही मिळायला लागलं. हळूहळू माणसं उठून बसायला लागली. आपला लॉरेन्झही वाचला बरं का!

आणि याच किनाऱ्यावर स्टेलरला तो प्राणी दिसला.

भरती आली की उथळ पाण्यात काळ्या काळ्या मोठ्या पाठी दिसायच्या. जणू होड्या उलट्या करून ठेवल्या आहेत! त्या पाठींवर समुद्रपक्षी बसून किडे टिपत असायचे. त्या होत्या समुद्रगायी. अजस्र!

स्टेलरने १२ जुलै १७४२ ला एका मादीचं माप घेतलं. लांबी साडेसात मीटर. तुझ्या वर्गात तिला फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत आडवी ठेवली, तर बाकं बाहेर काढावी लागतील! एका मोठ्या समुद्रगायीचं वजन दोन हत्तींएवढं भरेल. कातडी काळी, खडबडीत, जुन्या झाडाच्या सालीसारखी. आणि एवढ्या अवाढव्य प्राण्याचे डोळे केवढे? मेंढीच्या डोळ्यांएवढे!

तोंडात दात तर एकही नाही! मग खायची कशी? वर एक आणि खाली एक अशा दोन खरबरीत पट्ट्या. त्यांच्यामध्ये शेवाळ धरून रगडायची. पुढच्या दोन पायांना बोटंच नव्हती, नुसते ठोकळे. त्यांच्यावर ती उथळ पाण्यात तळ चाचपत एक पाऊल, दुसरं पाऊल अशी चालायची. चार-पाच मिनिटांनी नाक वर काढून घोडा फुरफुरतो तसा आवाज करायची. आणि पुन्हा डोकं खाली! दिवसभर जेवणच जेवण!

स्टेलरने तिचं आतडंही मोजलं. आता कान दे. ते होतं जवळजवळ १५० मीटर लांब! तिच्या अंगाच्या वीसपट! शेवाळ पचवायला किती खटाटोप! पोट तर इतकं गच्च भरलेलं होतं की दोर बांधून चार धट्टीकट्टी माणसं ते ओढायला लागली, तरी जेमतेम हललं.

हे सगळं तो कुठे करत होता? प्रयोगशाळेत? छे! उघड्या, थंड, ओल्या किनाऱ्यावर. मदतीला माणसं मिळायची, पण त्यांचं लक्ष कामात नसायचं. आणि कोल्हे? ते तर टपलेलेच! स्टेलर एका टोकाला माप घेतोय तोवर दुसऱ्या टोकाला कोल्हे मांस तोडतायत! त्याचे कागद, वही, शाईची दौतसुद्धा पळवून न्यायचे! तरी त्याने लिहिलं. टोकापासून टोकापर्यंत, बारीक बारीक मापांसकट.

एक गोष्ट लिहिताना मात्र तो हेलावला होता. अन्नासाठी माणसांनी एक मादी पकडून किनाऱ्यावर ओढली. तिचा जोडीदार नर तिच्या मागोमाग किनाऱ्यापर्यंत आला. मार बसला तरी हटला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर तो पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशीही!

आता घरी कसं जायचं? जहाजाचे तुकडे झालेले. सुतार सगळे वारलेले. पण सावा स्तारोदुब्त्सेव नावाचा एक कोसॅक होता. त्याने पूर्वी ओखोत्स्कला जहाजं बांधताना हाताखाली काम केलं होतं. तो म्हणाला, मी बांधतो! आणि मोडक्या जहाजाच्या फळ्यांतून त्याने खरंच नवी होडी उभी केली. साधारण ४० फुटांची.

तीत जाणार किती माणसं? ४६! दाटीवाटीने, अंगाला अंग लावून. सामानाला जागाच नाही. स्टेलरने समुद्रगायीचा सांगाडा जपून ठेवला होता. तो तिथेच सोडावा लागला! तिच्या तोंडातल्या त्या खरबरीत पट्ट्या तेवढ्या त्याने बरोबर घेतल्या. आणि वह्या!

ऑगस्ट १७४२ मध्ये ते निघाले आणि दोन आठवड्यांच्या आत कामचाटकाला पोहोचले. इतक्या जवळ होतं ते! तिथल्या लोकांनी त्यांना केव्हाच मेलेलं धरलं होतं. त्यांच्या मागे ठेवलेल्या सामानाची वाटणीही होऊन गेली होती!

स्टेलर पुढे फार जगला नाही. १७४६ मध्ये, परतीच्या वाटेवर, सायबेरियातल्या त्युमेन गावी तापाने तो गेला. वय अवघं ३७. त्याचं समुद्री प्राण्यांवरचं लॅटिन पुस्तक १७५१ मध्ये छापून आलं. स्वतःच्या नावाचं ते पुस्तक त्याने पाहिलंच नाही.

आणि समुद्रगायी? बेरिंग बेटावर पाणमांजरांची मऊ मऊ कातडी मिळते, ही बातमी पसरली. शिकारी होड्या भरून यायला लागले. हिवाळाभर खायला त्यांना हव्या होत्या समुद्रगायी. त्या बिचाऱ्या पळतही नसत, खोल बुडीही मारत नसत. १७६८ च्या सुमाराला शेवटची समुद्रगाय मारली गेली. स्टेलरने पहिल्यांदा पाहिल्यापासून फक्त २७ वर्षांत!

म्हणजे कळलं का तुला? जिवंत समुद्रगाय जवळून निरखलेला निसर्ग अभ्यासक जगात एकच झाला. स्टेलर! ती कशी फुरफुरायची, कशी चालायची, पिल्लांना कळपाच्या मधोमध कशी ठेवायची, हे आपल्याला ठाऊक आहे ते त्या ओलसर वह्यांमुळे. तिची हाडं पुढे बेटावर सापडली. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या संग्रहालयात तिचा जवळजवळ अख्खा सांगाडा उभा आहे.

पण तिची एक चुलत बहीण आजही आहे. आणि कुठे माहीत आहे? आपल्या भारतात! तिचं नाव डुगाँग. गुजरातमधलं कच्छचं आखात, तमिळनाडूजवळचा समुद्र आणि अंदमान, इथे ती राहते. अंदमान-निकोबारचा तर तो राज्यप्राणी आहे! तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात फक्त डुगाँगसाठी ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र केलं. डुगाँग साधारण तीन मीटर लांब असते, आणि जमिनीवरचे तिचे जवळचे नातेवाईक कोण, ओळख! गाय नाही, म्हैस नाही... हत्ती!

डुगाँग समुद्राच्या तळाशी उगवणारं समुद्रगवत खाते, अगदी मुळासकट उपटून. खात खात पुढे सरकताना तळाच्या वाळूत तिच्या तोंडाचा लांबच लांब चर उमटतो. पाणबुडे शास्त्रज्ञ खाली उतरून तो चर शोधतात, त्याची रुंदी मोजतात आणि तिथेच पाण्याखाली, न भिजणाऱ्या पाटीवर पेन्सिलीने लिहून घेतात!